सबनीस सरांचं सतरावं प्रकरण

सबनीस सरांना परग्रहावरचा माणूस दाखवू नये, हे देवासच्या आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना माहीत होतं. तरी त्या वर्षी गणपतीतल्या बालनाट्यात तो दाखवलाच. परांजप्यांच्या नातीला चांदीच्या कागदात गुंडाळलं, डोक्याला दोन झाऱ्यांची शिंगं बांधली, आणि ती टाळ्यांच्या कडकडाटात पुढे येऊन म्हणाली, "नमस्कार, पृथ्वीवासीयांनो! मी मंगळावरून आले आहे."

तिसऱ्या ओळीतून सर उठले आणि सरळ स्टेजपाशी गेले.

"बाळ, एक विचारू? आपल्या ग्रहावर आपण खाता काय?"

पोरीनं विंगेत आईकडे बघितलं. "पोहे."

"आणखी?"

"जिलेबी."

हॉल खदखदून हसला. सर हसले नाहीत. "म्हणजे आपण मंगळावरून नाही, इथल्याच एबी रोडवरून आला आहात," असं म्हणून ते जागेवर जाऊन बसले. पोरीनं भोकाड पसरलं. नाटक तिथेच थांबलं. मंडळाची सचिव मी, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन परांजप्यांकडे मलाच जावं लागलं.

चिडायचं तरी किती या माणसावर! अठरा वर्षं मी त्यांच्यासोबत मुलींच्या शाळेत एका स्टाफरूममध्ये काढली. मी रसायनशास्त्र शिकवायची, ते जीवशास्त्र. माझे सासरे साताऱ्याकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आले, म्हणून आम्ही देवासचे. सरांचं घराणं मात्र धारचं, जुनं. आजोबा-पणजोबा संस्थानात दप्तर सांभाळणारे. त्यामुळे त्यांची मराठी अशी की आम्ही बघतच राहायचो. मला कायम 'शिंदेबाई' आणि 'आपण'. वडिलांचा उल्लेख 'तीर्थरूप'. मी "अहो सर, टेन्शन नका घेऊ, पीरियड मी अ‍ॅडजस्ट करते" म्हटलं की त्यांना कुणीतरी चिमटा काढल्यासारखं व्हायचं. आठवडाभर ते देवासला एका खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारी इंदूरला बस बदलून धारला जायचे. त्यांच्या बायको, आमच्या काकू, तिकडेच असायच्या. काकूंनी एकदा मला सांगितलं, "सहा दिवस सुटका असते हो मला," आणि त्या काही गमतीनं बोलत नव्हत्या.

सरांचा एकच छंद होता. विज्ञानकथा वाचायच्या आणि संतापायचं. हिंदी, इंग्रजी, मराठी, काही सोडायचे नाहीत. पोरी वाचनालयातून आणून द्यायच्या आणि सर त्या पुस्तकांवर लाल पेनानं शेरे मारायचे, जशी काही वार्षिक परीक्षेची कॉपीच तपासतायत. 'डोळे दोनच? का?' 'गुरुत्वाकर्षण तिप्पट, तरी बाई सडपातळ!' 'या ग्रहावर ऊन नाही, मग कातडी हिरवी कशानं?' शेवटच्या पानावर गुण. शंभरपैकी चार. एकाला अकरा दिले होते, त्यातल्या प्राण्याला निदान पाय नव्हते म्हणून. वाचनालयाचा दंड भरायला पोरी माझ्याकडे रडत यायच्या.

"शिंदेबाई," ते म्हणायचे, "त्यांना माणसासारखं दिसायची काय गरज पडलीय? आपल्याला बघून थोडेच घडलेत ते? आणि हा नायक बघा. यानातून उतरतो काय, तीन दिवसांत त्यांची भाषा शिकतो काय! माझी सून अकरा वर्षांत मराठी शिकली नाही. बागलीच्या बाजारात कोरकू म्हातारी भाजीवाल्याशी काय बोलते ते मला कळत नाही. आणि हा वीर तीन दिवसांत!"

यावर मी एकदा म्हटलं, "जाऊ द्या ना सर. गोष्ट आहे ती. गोष्टीत चालतं."

त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की लांबलचक काहीतरी येणार हे ठरलेलं.

"माझी पहिली नोकरी निसरपूरला होती," ते म्हणाले. "नर्मदेच्या काठी. वर्गात सगळी भिलांची मुलं. मी तेवीस वर्षांचा, भलता उत्साही. वर्षभर शुद्ध हिंदीत शिकवलं, फळ्यावर चित्रं काढली. 'समझे?' विचारलं की सगळा वर्ग एका सुरात, 'हौ, सरजी.' मी खूश. मार्चमध्ये परीक्षा घेतली. सगळे पेपर कोरे. मी फार ओरडलो. तेव्हा एका मुलीचे वडील येऊन म्हणाले, 'सरजी, ये बच्चे आपकी बोली नहीं समझते. आपको बुरा न लगे, इसलिए हौ बोलते थे.'"

ते थोडा वेळ चष्मा पुसत बसले.

"ना शेपूट, ना शिंगं. माझ्याच धार जिल्ह्यातली मुलं, हातभर अंतरावर बसलेली. मला एक वर्ष पत्ता लागला नाही, शिंदेबाई. त्यांना खरं काय म्हणायचं होतं ते परत जाऊन विचारायचं राहिलं. पुढे धरणाचं पाणी चढलं आणि ती शाळाही त्यात गेली. आता कुणाला विचारू?"

त्यानंतर स्टाफरूममध्ये कुणी नुसती मान हलवली की सर बोट उगारायचे. "हौ म्हणू नका. नाही कळलं तर नाही म्हणा." प्राचार्यांनासुद्धा म्हणायचे. सगळ्यांना वैताग यायचा. मला तर फारच, कारण त्यांची सगळ्यात जास्त बडबड मीच ऐकून घेत होते.

तर या माणसाला स्वतःची कादंबरी लिहायची होती. 'निदान एक तरी प्रामाणिक' असं ते म्हणायचे. त्यात एक दमट, धुरकट ग्रह होता. तिथले जीव चिखलाच्या काठावर राहतात, त्यांना डोळे नाहीत, तोंड म्हणून वेगळं काही नाही, आणि ते वासानं बोलतात. अंगातून वास सोडायचा, तेच बोलणं. मी म्हटलं, त्यांना नाव तरी द्या. "नाव कोण घेणार? तोंड कुठाय?" कादंबरीभर ते नुसते 'ते'. वाचणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं.

वास म्हटल्यावर रसायनशास्त्र आलं, आणि रसायनशास्त्र म्हटल्यावर मी. सरांच्या शबनममध्ये फोटोच्या रोलच्या काळ्या डब्या असायच्या. स्टेशनरोडच्या एका स्टुडिओवाल्याकडून पोतंभर आणल्या होत्या. एकीत हिंग, एकीत वेखंड, एकीत कापूर, एकीत शेणाची राख, एकीत काय ते मी विचारलंच नाही. माझ्या प्रयोगशाळेत दोरी बांधून त्यावर कापडाच्या पट्ट्या वाळत घालायच्या, प्रत्येकीला एक वास लावायचा, आणि कुठला किती तास टिकतो ते लिहायचं. वास हुंगून सांगायला मी. "शिंदेबाई, दोन नंबर अजून बोलतोय का?" आमचा लॅब अटेंडंट रामलाल रोज कपाळाला हात लावायचा. "मैडम, ये साब का सूंघना कब खतम होयगा? मेरे को घरवाली अंदर नहीं लेती."

पण एक सांगते, कधीकधी ते असं काही बोलायचे की हातातली परीक्षानळी तशीच राहायची. एकदा म्हणाले, "आपण बोललो की शब्द हवेत जातो, संपतो. म्हणून आपण वाट्टेल ते बोलतो. त्यांचं तसं नाही. जे बोललं ते त्या जागेवर राहतं. दगडावर, चिखलावर. चार दिवस, आठ दिवस. येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचतो. बोलणारा निघून गेला, मेला, तरी बोलणं तिथंच." मी म्हटलं, मग ते भांडत नसतील. "भांडतात तर! पण आपल्यापेक्षा महाग पडतं त्यांना."

हे मला आवडलं होतं. खरंच आवडलं होतं. हे त्यांना नीट सांगायला हवं होतं मी.

निवृत्त होताना सरांनी मला एक हिरवी फाइल दिली. तेवीस प्रकरणं, सगळ्याची झेरॉक्स. "आपण वाचा. माझ्या घरी मराठी वाचणारं आता कुणी नाही. मुलगा अडखळत वाचतो, नातवंडांना तर अक्षरही लागत नाही. सौभाग्यवतींना त्या डब्यांचा संताप आहे. आपण एकट्याच आहात."

मी तिसरं प्रकरण वाचलं, त्यात माझी पट्ट्यांची माहिती होती. नववं वाचलं, त्यातही होती. बाकीचं राहून गेलं. सरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. त्यात बोर्डाच्या कॉप्या तपासणं, सासूबाईंचं पथ्य, थोरल्या मुलीचं लग्न, मंडळाची कामं. फाइल कपाटात साड्यांच्या खाली गेली. सर धारहून फोन करायचे.

"वाचलंत?"

"हो सर."

"सतरावं?"

"हो."

"काय वाटलं?"

"छान आहे सर. वेगळंच आहे एकदम."

आमच्या मंडळात कुणी कविता वाचायला दिली, नाटक दिलं, वडिलांचं आत्मचरित्र दिलं की सगळे हेच म्हणतात. छान आहे, वेगळंच आहे. त्यात कुणाला फसवायचं नसतं. समोरच्याला वाईट वाटू नये, एवढंच असतं. फोनवर सर "बरं वाटलं," म्हणायचे. "सतरावं कुणाला तरी कळावं, एवढंच होतं." आणि फोन ठेवायचे.

पुण्याच्या एका प्रकाशकानं कादंबरी परत पाठवली. संवाद नाहीत, वाचकाला धरायला काही नाही, त्या प्राण्यांना थोडं बोलतं केलंत तर विचार करू, असं पत्र. सर ते पत्र दाखवायला मुद्दाम देवासला आले. "बोलतं करा म्हणे! मी वीस वर्षं त्यांचं बोलणंच लिहितोय. माणूस त्यांच्यामध्ये जातो, त्याला अर्धंमुर्धं कळतं, पुष्कळसं कळतच नाही, ते तसंच लिहिलंय. आता त्यांच्या तोंडी मराठी घालू? तोंड नाही त्यांना!" चहा गार झाला. मला पाचला धाकट्या मुलीला क्लासला सोडायचं होतं.

आणि मग मी तो शहाणपणा केला.

मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक मी होते. म्हटलं, सरांचं एक प्रकरण छापू. निदान छापलेलं बघतील. खूप आढेवेढे घेऊन त्यांनी पाचवं दिलं. अध्यक्ष वाचून म्हणाले, "मॅडम, ये कौन पढेगा? कुणी बोलतच नाहीये यात. थोडं जमवा." मी जमवलं. एका दुपारी, कूकरच्या शिट्ट्या मोजता मोजता, सहा वाक्यं घातली. पहिलं मला अजून पाठ आहे, कारण नंतर ते मला सगळ्यांसमोर वाचून दाखवलं गेलं. 'हे मानवा, घाबरू नकोस, आम्ही शांतताप्रिय आहोत.' चित्रकारानं चित्र काढलं, त्यात दोन मोठे डोळे. मी म्हटलं, राहू दे, मुलांना आवडेल.

हे सगळं सरांना विचारून करता आलं असतं. पण विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून नाही विचारलं.

रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये प्रकाशन होतं. साठेक माणसं. सर धारहून पहिल्या बसनं आलेले, इस्त्रीचा सदरा, सोबत अंक ठेवायला नवी पिशवी. अंक वाटले गेले. तिसऱ्या ओळीच्या टोकाला, भिंतीवरच्या पंख्याखाली, सर उभ्या उभ्याच वाचायला लागले. मी स्टेजवरून बघत होते, चेहरा खुलेल म्हणून.

"शिंदेबाई!"

सगळा हॉल वळला. त्यांनी ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. काही लोक हसले, त्यांना वाटलं विनोद आहे.

"वीस वर्षं मी ज्यांच्या तोंडी एक शब्द घातला नाही, त्यांना तुम्ही एका दुपारात मराठी बोलायला लावलंत? डोळे दिलेत? तुम्हाला यातलं काही कळत नाही. कधी कळलंच नाही. नाक होतं तुमचं फक्त, बाकी काही नाही!"

पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाले मला. अंक खुर्चीवर टाकला आणि निघून गेले. मी मंडळाच्या स्वयंपाकघरात जाऊन पोह्यांच्या पातेल्यासमोर रडले. लाजेनं नाही, रागानं. या माणसासाठी अठरा वर्षं मी हिंग हुंगला, आणि हे बक्षीस! घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, आता त्यांचा फोन आला तर मी घरी नाही. फोन आलाच नाही. मला त्याचाही राग आला.

मग संक्रांतीचा तिळगूळ समारंभ. त्याच हॉलमध्ये. इंदूरच्या एका डॉक्टरांचं गुडघेदुखीवर व्याख्यान ठेवलं होतं. हॉलमध्ये सगळे एकमेकांना गोड बोला म्हणत फिरत होते, आणि दारातून सर आले. वाळलेले दिसले. मी तोंड फिरवलं. माझ्याजवळ आले नाहीत. तिसऱ्या ओळीच्या टोकाला, पंख्याखाली गेले आणि तिथे उभे राहिले.

उभेच. व्याख्यान सुरू झालं तरी उभे. पुढे दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. लोकांनी खुणा केल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे भिया, बैठ जाओ, दिख नहीं रहा." हात शरीराला लावून, समोर बघत, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखे उभे. पाऊण तास झाला. डॉक्टरांचंही लक्ष जायला लागलं. माझं डोकं सणकलं. एवढं बोलून पोट भरलं नाही, आता भर सभेत सत्याग्रह! काय बोलायचंय ते येऊन बोला ना तोंडानं, असं मनात म्हणत होते.

त्यानंतर ते देवासला आले नाहीत. चैत्रात गेले. झोपेतच गेले, मुलाचा फोन आला. मंडळानं शोकसभा ठेवली आणि अध्यक्ष म्हणाले, मॅडम, तुम्हीच बोला, त्यांचं लिखाण तुम्हीच तर वाचलंय.

त्या दुपारी मी साड्यांच्या खालून हिरवी फाइल काढली आणि सतरावं प्रकरण उघडलं. जेमतेम सहा पानं होती.

त्यात असं आहे. त्यांच्यातला एक दुसऱ्याला वाईट बोलतो. फार वाईट, चारचौघांत. ते बोलणं त्या जागेवर राहतं, सगळे वाचत राहतात. बोलणाऱ्याला ते परत घ्यायचंय, पण त्यांच्या भाषेत परत घ्यायचा वासच नाही. एका वासावर दुसरा घातला तर नुसती दुर्गंधी होते. मग तो एकच करू शकतो. तो त्या जागी परत जातो आणि काही न बोलता तिथे उभा राहतो. त्याच्या अंगाचा साधा, रोजचा वास हळूहळू त्या बोलण्यावर बसतो. त्याला वेळ लागतो. तोवर त्याला कुणी हलवत नाहीत. हलवलं तर सगळं वाया. आणि ज्याला ते बोलणं लागलं तो कधी येऊन शेजारी उभा राहतो, कधी नाही राहत. आला तर मिटलं.

खाली समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'शिंदेबाईंच्या पट्ट्यांवरून सुचलं.'

अहो, मराठीत सांगायला काय झालं होतं? दोन शब्द! 'चुकलं माझं', एवढंच. मीही म्हटलं असतं, माझंही चुकलं सर. त्या दिवशी फाइल मांडीवर घेऊन मी त्यांच्यावरच ओरडत होते, रिकाम्या घरात. पण त्यांनी सांगायचं कशाला? त्यांच्या हिशेबी जगात एक माणूस असा होता ज्यानं सतरावं वाचलं होतं. त्या माणसानं फोनवर तसं सांगितलं होतं, एकदा नाही, चारदा. त्या माणसाशी ते सतराव्यातलंच बोलत होते.

शोकसभेत मी काय बोलले ते आठवत नाही. छान, वेगळंच, असंच काहीतरी बोलले असणार. संक्रांतीच्या दिवशीचं खरं राहिलेलं तिथे सांगितलं नाही. ते इथे सांगते.

संक्रांतीच्या त्या व्याख्यानात पाऊण तासानं मी उठले. भिंतीपाशी प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत होती, त्यातली एक ओढली, लादीवरून खरखर आवाज करत सरांच्या मागे नेऊन ठेवली. अगदी त्या पंख्याखाली. सरांनी मला येताना बघितलं होतं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता परत काहीतरी सुनावणार. ते थोडे बाजूला सरकले, माझ्यासाठी जागा केल्यासारखे.

"बसा हो सर," मी दबक्या आवाजात म्हटलं, "मागच्यांना दिसत नाहीये."

त्यांनी खुर्चीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"शिंदेबाई, आपण सतरावं वाचलंत ना?"

"हो हो सर, वाचलं, छान आहे. बसा आता."

मग त्यांनी चष्मा काढला, पण बोलले काहीच नाहीत. पुसून परत घातला.

"हौ," म्हणाले, आणि बसले.